"जपान हिरोशिमा विसरला म्हणून पुढे गेला" हे साफ खोटं आहे

ऑगस्ट आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. दोन अणुबॉम्ब पडले पण जपान्यांनी रडगाणं गायलं नाही, मुकाट्याने कामाला लागले, सगळं विसरले म्हणून एवढे पुढे गेले, आणि आपण मात्र जुन्या जखमा उकरत बसतो. वाचायला भारी वाटतं, पण ज्यांनी ते भोगलं त्यांच्यावर हा सरळ अन्याय आहे म्हणून लिहितेय.

"मुकाट्याने" म्हणे. अहो, बोलूच कुठे दिलं होतं? युद्धानंतर देश अमेरिकन लष्कराच्या ताब्यात, बॉम्बबद्दल छापायला सेन्सॉर. १९५२ मध्ये ताबा सुटला तेव्हा कुठे जळालेल्या माणसांचे फोटो एका साप्ताहिकात सगळ्यांना बघायला मिळाले. शिवाय बॉम्बमधून वाचलेल्यांची, म्हणजे हिबाकुशांची, लग्नं जमायची नाहीत, नोकऱ्या मिळायच्या नाहीत, म्हणून कित्येकांनी जवळच्या माणसांनाही सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याचं कौतुक काय करता?

आणि "विसरले"? मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली, त्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. टोकियोतल्या गृहिणींनी बॉम्बविरोधात सह्या गोळा करायला सुरुवात केली, पुढच्या वर्षापर्यंत देशभरात ३ कोटींवर सह्या झाल्या. १९५४ च्याच नोव्हेंबरमध्ये गॉडझिला हा जपानी सिनेमा आला. ज्याला आपण पोरांचा राक्षसपट समजतो त्यात ट्रेनमधली एक बाई म्हणते की नागासाकीतून कसाबसा जीव वाचवून आले आणि आता हे. हॉस्पिटलमध्ये एका लहान मुलाजवळ रेडिएशन मोजायचं यंत्र धरतात. युद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झालेली, थिएटरातल्या लोकांना हे काय आहे ते सांगावं लागलं नसणार. अमेरिकेत १९५६ ला तो पिक्चर लावताना नागासाकीचं ते वाक्य कापलं!

"रडगाणं गायलं नाही" म्हणणाऱ्यांनी बेअरफूट जेन हे जपानी कॉमिक वाचावं. ते काढणारा केइजी नाकाझावा हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचा होता, वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्याच दिवशी गेले. १९७३ पासून त्याने हे मुलांच्या साप्ताहिकात कॉमिक म्हणून काढलं, जखमांतल्या अळ्यांसकट. आणि नुसतं अमेरिकेवर खापर फोडलं नाही, गोष्टीतला मुलगा जेन, त्याच्या बापाला युद्धविरोधी म्हणून गद्दार ठरवणारे शेजारी, कोरियन माणसाला मिळणारी वागणूक, सगळं त्यात आहे. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

राहिली प्रगती. त्यात १९५० च्या कोरियन युद्धामुळे कारखान्यांना मिळालेल्या ऑर्डरींचा मोठा हात होता, विसरण्याचा काय संबंध?

हां, विसरायला लावणारे जपानमध्येही आहेत. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शाळांच्या शांतता-शिक्षणातून जेन काढला. पण हिबाकुशांची संघटना १९५६ पासून बोलतेच आहे, २०२४ चं शांततेचं नोबेल तिलाच मिळालं.