स्ट्रेचर कुणी पाहिलंय का?

अँब्युलन्सवर काम करतो म्हटलं की लग्नाकार्यात लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "रक्त बघून भीती नाही वाटत?" नाही वाटत. रक्ताचं कसं, ते कुठून येतंय हे दिसतं आणि घट्ट दाबून धरलं की बहुतेक वेळा थांबतं. भीती वाटते ती फोनवरच्या एका वाक्याची. "या ना, देवळाजवळच आहे."

महाराष्ट्रात देवळाजवळ नाही असं घर कुणी दाखवावं, त्याला आमच्यातर्फे चहा. आणि गावाचं नाव वडगाव असलं तर विषयच संपला. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग आहे. घाबरलेला माणूस यातलं फक्त "वडगाव" एवढंच बोलतो. तालुका विचारला की भडकतो, "तालुका कशाला पाहिजे, तुम्ही या आधी!" म्हणून जुने पायलट तालुका विचारतच नाहीत. "तुमच्याकडं एसटी कुठून येते?" असं विचारतात. या प्रश्नाला माणूस न चिडता उत्तर देतो आणि त्यात तालुकाही येतो, रस्ताही येतो.

पायलट म्हणजे ड्रायव्हर. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. या गाड्यांवर चालवणाऱ्याला पायलट म्हणतात आणि मागे पेशंटजवळ डॉक्टर बसतो. पायलट पन्नाशीचा, मिशीवाला, आवाजात जरब असलेला. डॉक्टर बहुधा तिशीच्या आतली मुलगी. नातेवाईक सगळी लक्षणं पायलटला सांगतात आणि नाडी बघणाऱ्या मॅडमना विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कुठंयत?" जाणता पायलट अशा वेळी गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांना विचारतो." मग मॅडमकडे वळतो. एवढ्याने मॅडमचा पुढचा अर्धा तास सोपा जातो.

पत्त्यावर एक उपाय आहे, रस्त्यावर माणूस उभा करायचा. आम्ही तसं सांगतो आणि माणूस उभाही राहतो. पण गाडी दिसली की तो हात करतो आणि लगेच पुढे पळत सुटतो, तेही दोन गोठे आणि एक नळकोंडाळं यांच्यामधल्या बोळातून. त्याला वाटतं गाडी मागोमाग येतेय. गाडी बोळाच्या तोंडाशी थांबलेली असते आणि माणूस गायब. तेव्हा कधी उभं राहायची वेळ आली तर हात करा, जागचे हलू नका आणि गाडीत पुढे येऊन बसा.

रस्त्यावरचे लोक मात्र उगाच बदनाम आहेत. अनंत चतुर्दशीच्या गर्दीतसुद्धा ढोल थांबतात, माणसं दोन्ही बाजूंना सरकतात आणि गाडी पार होते. वाट अडवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १९४ ई कलमाखाली दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण आमच्या मागे चिकटून, आम्ही मोकळ्या केलेल्या वाटेने फुकटात सुटणाऱ्या दुचाकीस्वाराचा धाक जास्त. तो डिकीपासून इतका जवळ असतो की पायलटला ब्रेक दाबायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो. आणि बॉनेटवरची उलटी अक्षरं बघून "पेंटरनं वाट लावली राव तुमची" असं हळहळणारा चहावाला प्रत्येक बेसच्या, म्हणजे गाडी उभी असते त्या ठिकाणाच्या, कोपऱ्यावर असतोच. आरशात सरळ दिसावीत म्हणून ती उलटी असतात, हे आम्ही आता सांगत नाही. "हो ना, पैसे पण घेतले त्यानं," असं म्हणून चहा पितो.

माझं स्पष्ट मत आहे की या कामात किलोमीटर कधीच त्रास देत नाहीत. त्रास देतात ती गाडी थांबल्यानंतरची शंभर पावलं.

पेशंट हमखास तिसऱ्या मजल्यावर. खाली वॉचमन वही पुढे करतो : नाव, कुठून आलात, कुणाकडे, सही. लिफ्टमध्ये पाटी, "४ व्यक्ती, २७२ किलो". म्हणजे माणशी अडुसष्ट किलो आणि सगळे उभे, असा हिशेब. झोपलेला माणूस या हिशेबात नाही. सहा फुटांहून लांब स्ट्रेचर त्या डब्यात आडवं, तिरकं, उभं कसंही जात नाही, हे दिसत असूनही दरवेळी एक काका सांगतात, "जरा तिरपं घ्या, जाईल." एकदा तिरपं घेऊन दाखवावं लागतं, त्याशिवाय काका जिन्याकडे सरकत नाहीत.

मग खुर्ची मागवायची. इथे घरचे मायेने प्लास्टिकची खुर्ची आणतात. ती चालत नाही. वजन तिरकं पडलं की तिचे पाय फाकतात, आणि दुसऱ्या वळणावर फाकले तर खालच्याचं काही खरं नाही. लाकडी किंवा लोखंडी, बिनचाकांची, पाठ असलेली खुर्ची लागते. पेशंटला चादरीने छाती आणि मांड्यांशी बांधायचं, हात पोटावर घ्यायला लावायचे, नाहीतर घाबरून तो कठडा धरतो आणि सगळी वरात जिन्यात अडकते. तोंड उताराकडे. एकाने वरून पाठ धरायची, एकाने खालून पुढचे पाय. खालचा उलटा उतरतो, त्यामुळे त्याच्या पाठीला हात लावून "अजून एक पायरी, आता वळण" असं सांगणारा तिसरा माणूस पाहिजेच. तो सोसायटीतून मिळतो. फक्त मोबाइल खिशात ठेवायला लावायचा.

खुर्चीत बसवण्यासारखा पेशंट नसला तर चादर. दुहेरी घडी, कडा पेशंटच्या अंगालगत गुंडाळत आणायच्या म्हणजे पकड येते. माणसं चार तरी हवीत, सहा असली तर उत्तम. डोक्याकडचा मोजतो, एक, दोन, तीन. आणि इथे मराठी माणसांत उभी फूट पडते. अर्धे "तीन"ला उचलतात, अर्धे "तीन" म्हणून झाल्यावर. पेशंट क्षणभर होडीसारखा एका अंगाला कलतो. यासाठी आधीच बजावायचं, "तीनला उचलायचं, तीननंतर नाही." तरी एक जण दोनलाच उचलतो. तो बहुधा जावई असतो.

छातीत दुखणाऱ्याची वेगळीच तऱ्हा. घरचे अभिमानाने म्हणतात, "बाबा स्वतः चालत येतील, रोज पर्वती चढतात." बाबाही शर्टाची बटणं लावून, केस विंचरून तयार. त्यांना समजावावं लागतं की आज पर्वती नको, हृदयावर आधीच ताण आहे, जिना उतरायचं काम आमचं. तेवढ्यात बाबा पायांत चप्पल शोधायला वाकतात.

गाडीत आलं की ऑक्सिजन. बी टाइपचा सिलेंडर, काळं अंग, पांढरे खांदे. बदलायचा कसा, हे कागदावर चार ओळींत मावतं : व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवायची, मध्ये वॉशर ठेवायचा, रेग्युलेटरच्या दोन पिना भोकांत बसवून स्क्रू आवळायचा, पान्याने व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. तेलाचा, ग्रीसचा हात लावायचा नाही, आगीला आमंत्रण. प्रत्यक्षात नवा सिलेंडर उघडला की "सूंऽऽ". वॉशर नाही. तो जुन्या सिलेंडरला चिकटून परत गेलेला असतो, किंवा सीटखाली घरंगळलेला असतो, किंवा मुळात नव्हताच. पाच रुपयांच्या नाण्याएवढी ती वस्तू. तिच्यावाचून दीड हजार लिटर प्राणवायू हवेत सुटतो आणि पेशंटच्या वाट्याला काही येत नाही. ज्याने आयुष्यात पाच वर्षं या गाड्यांवर काढली, त्याच्या पाकिटात नोटांमागे एक वॉशर असतोच. बायकोने विचारलं तर तो "गॅसचा आहे" सांगतो, आणि ते खोटंही नाही.

नव्याने आलेल्याला आम्ही एक हिशेब पहिल्याच दिवशी शिकवतो. बी टाइपमध्ये पाणी भरलं तर दहा लिटर मावेल. भरलेल्या सिलेंडरच्या दाबाचा काटा दीडशे बारच्या आसपास असतो, म्हणजे दीडशे गुणिले दहा, दीड हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर सोडला की काटा जितक्यावर, तितकी मिनिटं. काटा साठवर म्हणजे एक तास. पंधरा लिटरवर तेच चाळीस मिनिटं. शेवटची वीस मिनिटं मोजायचीच नाहीत, ती घाटातल्या बंद पडलेल्या ट्रकची.

रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या यंत्राचा राग बिचाऱ्या पेशंटवर निघतो. गडद नेलपॉलिश असलं की आकडा येत नाही किंवा भलताच येतो. त्यावर यंत्र बोटाला आडवं लावायचं. थंडीने बोट गार पडलं असेल तर आधी हातात धरून ऊब द्यायची. आणि खड्ड्यात गाडी उडाली की शहाण्णवचा आकडा शहात्तर होतो. तो नेमका त्याच क्षणी नातेवाइकाला दिसतो. "डॉक्टर! वीसनं कमी झाला!" रक्तदाब तर चालत्या गाडीत कानाने ऐकू येतच नाही, इंजिनच वर-खाली वाजतं. मनगटाची नाडी चाचपत पट्टा फुगवायचा, नाडी गेली की अजून थोडं वर न्यायचं, मग सोडत आणायचं आणि नाडी परत लागली तो वरचा आकडा. खालचा आकडा गाडी थांबल्यावर.

आता मुख्य दुखणं. हॉस्पिटल. कॅज्युअल्टीच्या दारात पेशंट उतरवला, आत नेला, आतल्यांनी बघितलं, आणि बेड नाही. बेड होईपर्यंत पेशंट कुठे? आमच्या स्ट्रेचरवर. यात आतल्यांचाही दोष नाही, त्यांनी बेड कुठून छापायचा? पण स्ट्रेचर अडकलं म्हणजे गाडी अडकली. गाडीत सिलेंडर आहे, औषधं आहेत, पायलट आहे, डॉक्टर आहे, आणि मधोमध स्ट्रेचरच्या आकाराची रिकामी जागा आहे. कंट्रोल रूममधून फोन, "फ्री झालात का?" काय सांगायचं?

इथे मुत्सद्देगिरी लागते. वॉर्डातले मामा आणि मावशी हे त्या इमारतीचे खरे मालक. त्यांच्याशी मैत्री असेल तर कोपऱ्यातून एक ट्रॉली निघते. तिचं एक चाक फिरत नाही, पण पेशंट तिच्यावर सरकतो. मैत्री नसेल तर सिस्टर फाइलमधून मान वर न करता म्हणतात, "थांबावं लागेल." जरा चहाला म्हणून वळलो की पेशंट एक्स-रेला नेलेला असतो, आमच्या स्ट्रेचरसकट. मग आम्ही मजल्यामजल्यांवर फिरतो : "स्ट्रेचर कुणी पाहिलंय का? पिवळं, डाव्या बाजूला चिकटपट्टी लावलेलं?" कधी ते सोनोग्राफीच्या रांगेत सापडतं, वर भलताच माणूस झोपलेला आणि तो म्हणतो, "मला इथंच झोपायला सांगितलंय." सापडलं तरी पूर्ण सापडत नाही. पेशंटला बांधायच्या तीन पट्ट्यांतला एक हमखास जातो. चादर बदललेली असते, आमची पांढरी गेलेली, त्यांची हिरवी आलेली. या राज्यातल्या चादरींचा हिशेब कुठलाही ऑडिटर लावू शकणार नाही.

परत येऊन धुणं. रक्त सांडलं असेल तर आधी टिपून घ्यायचं आणि मग एक टक्का हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण. बाजारातलं पाच टक्क्यांचं असलं तर एक भाग हायपोत चार भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुसायचं. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. कितीही दमलेले असलो तरी यात हयगय नाही, कारण उद्या तिथे हात घालणारा आपल्यातलाच कुणीतरी असतो.

जेवण या सगळ्याच्या फटीत. डबा उघडण्याचा आवाज कंट्रोल रूमला ऐकू जातो, यावर आमच्यात दुमत नाही. म्हणून पोळीत भाजी आधीच गुंडाळून ठेवायची. रस्सा ज्याने आणला त्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर प्यायचा. "आज शांत आहे" हे वाक्य गाडीत उच्चारायला बंदी आहे. नव्या पोराने चुकून म्हटलंच, तर त्या दिवशीचा चहा त्याच्याकडून, आणि तो चहा अर्धाच पिऊन उठायचा हेही ठरलेलं. डॉक्टर मागे रात्रभर दाबत, मोजत, उलट्या पुसत बसली असेल तर पायलट घाटात गाडी अशी सोडतो की बशीतला चहा हलू नये. बोलून दाखवत नाही. सकाळी तिच्या डब्यातला शेवटचा लाडू मात्र विचारल्याशिवाय उचलतो.

बारा तासांची पाळी आठला संपते. कॉल सात पन्नासला येतो. तो नाहीच आला तर चार्ज द्यायचा : किलोमीटरचा आकडा, सिलेंडरचा काटा, सक्शन, म्हणजे घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र, चालू आहे का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या किती उरल्या. समोरचा एकेक बघत सही करत जातो.

"पट्टे?"

"दोन."

"काल तीन दिले होते मी."

"होते ना."

"आणि ही हिरवी चादर कुणाची?"

"सही कर आधी."