बंदी नव्हती, चित्रपटगृहंच नव्हती

रोमानियन महोत्सवातल्या खेळाच्या निमित्ताने एक गोष्ट फिरतेय: दिग्दर्शक क्रिस्तियन मुंजिऊ यांच्या ‘४ महिने, ३ आठवडे आणि २ दिवस’ या चित्रपटावर त्यांच्याच देशात बंदी होती, म्हणून तो गावोगाव चोरून दाखवावा लागला. हे चूक आहे. २००७ मध्ये कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाल्यावर तो रोमानियात उघडपणे लागला. अडचण वेगळीच होती, आणि मला ती जास्त दुःखद वाटते: १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट पडल्यानंतर बहुतेक शहरांतली चित्रपटगृहं बंद पडली होती. म्हणून मुंजिऊंनी फिरत्या खेळांचा दौरा काढला. बंदी होती ती गर्भपातावर. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याचा १९६६ चा तो हुकूम डिसेंबर १९८९ मध्ये रद्द झाला. चित्रपटाची कथा त्याआधीची, १९८७ मधल्या एका बेकायदा गर्भपाताची आहे.