लॉकडाऊनमध्ये 'सगळे' घरचं खात नव्हते

आज ऑफिसात आरोग्यावर व्याख्यान होतं. पाहुणे म्हणाले, "लॉकडाऊन आठवा. सगळे घरचं ताजं खात होते, वेळेवर झोपत होते. तीच सवय परत लावून घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे मी काही बोललो नाही, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

सगळे म्हणजे कोण?

24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता घोषणा झाली, तेव्हा मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, राहत होतो. 5 एप्रिलला एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ठरलेली, म्हणून पुण्यातच थांबलो होतो. पूर्व पुढे गेली आणि आम्ही अडकलो. रूमवर गॅस नाही, मालकाला स्वयंपाक चालत नाही, मेस बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. आम्ही बिस्किटं आणि चिवडा खाल्ला.

आणि तेव्हाच मेसच्या काकूंचा फोन आला. महिन्याचे पैसे आधीच भरलेले होते. काकू म्हणाल्या, "उरलेल्या दिवसांचे खाडे काढलेत रे तुझे, पैसे पाठवते." खाडा म्हणजे न जेवलेला दिवस, त्याचे पैसे मेसवाल्यांनी वजा करायचे. पेठेत राहिलेल्यांना माहीत आहे, एकेका खाड्यावरून पोरं मेसवाल्यांशी किती हुज्जत घालतात. इथे बाईचा धंदा बुडालेला आणि ती आमचे खाडे मोजत बसली होती! अभ्यासिकेला कुलूप होतं, तरी तिथल्या मालकाने पूर्ण महिना घेतला.

आता सवयींचं सांगतो. पहिलं जेवण दुपारी तीन-चारला, कारण उशिरा उठलं की एक वेळ वाचते. जेवण म्हणजे मॅगी, नाहीतर भिजवलेले पोहे. रात्री भूक लागली की चहा. पहाटेपर्यंत जाग. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली होती, तिचा खूप आधार वाटला, पण केंद्रापर्यंत जायचं तर पोलिसांची धास्ती. तेव्हा लागलेली अ‍ॅसिडिटी आजही आहे. मे महिन्यात पास मिळून घरी गेलो, आईच्या हातचं समोर आलं, तरी दुपारी तीनच्या आत घास उतरत नव्हता. लॉकडाऊनने मला लावलेली सवय ही.

बरं, ज्यांच्या घरी सगळे एका पंगतीला बसले, पुरुष पोळ्या लाटायला शिकले, त्यांचं चांगलं झालं. मान्य. पण त्या घरांतही दिवसातून चारदा रांधत कोण होतं, ते पाहुण्यांनी सांगितलं नाही.

मी जालन्याचा. आमच्या जालन्याहून गावाकडे पायी निघालेले 16 मजूर 8 मे ला करमाडजवळ मालगाडीखाली गेले. वाटेसाठी बांधून घेतलेल्या त्यांच्या पोळ्या रुळांवर पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यानंतरही 'किती छान दिवस होते' म्हणवतं कसं?

काकूंनी नुसते पैसेच परत केले नाहीत. आम्ही रूमवरच आहोत हे कळल्यावर त्यांचा मुलगा अधूनमधून पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी गेटला अडकवून जायचा. किती द्यायचे विचारलं की "नंतर बघू." ते नंतर आलंच नाही. परीक्षा पुढे पुढे जात राहिली, पोरं गावीच राहिली, मेसच्या जागेचं भाडं मात्र चालू. 11 मार्च 2021 ला परीक्षा पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा पोरं रस्त्यावर आली. चॅनेलवाले आमच्या करिअरबद्दल बोलत होते. त्या वर्षभरात पेठांमधल्या किती चुली विझल्या, ते कुणी विचारलं नाही. अखेर 21 मार्चला परीक्षा झाली. मी पुण्यात परतलो तेव्हा काकूंच्या जागी मोबाइलचं दुकान होतं, आणि त्या साताऱ्याकडे गावी गेल्याचं शेजारच्यांनी सांगितलं.

लिहिता लिहिता राग जरा निवला. पाहुण्यांनी मुद्दाम काही केलं नसेल, त्यांच्या घरी डायनिंग टेबल असेल आणि त्यांना तेच आठवत असेल. पण त्या सभागृहात माझ्यासारखे रूमवर दिवस काढलेले निम्मे तरी असतील. माना त्यांनीही डोलावल्या, याचं जास्त वाईट वाटतंय.

माझा मावसभाऊ जूनमध्ये अभ्यासाला पुण्याला जातोय. त्याला सांगितलंय, मेसचे पैसे एक तारखेला द्यायचे आणि एखादा खाडा धरायचा राहिला तर भांडायचं नाही.