पेप्सी दोन, कासव एक

मला पाण्यात चालणारं घड्याळ हवं होतं. आंघोळीच्या वेळी काढायला विसरलो तरी चालायला हवं, बास. भाचा म्हणाला, "मामा, टर्टल घेतोस की मॉन्स्टर? सामुराई नको, टोचेल तुला."

सेइको या जपानी कंपनीच्या कॅटलॉगात या घड्याळांना नुसते आकडे नि अक्षरं. बारसं केलं ते गिऱ्हाइकांनी. घड्याळाची केस, म्हणजे यंत्राभोवतीचं घर, कासवाच्या पाठीसारखी, म्हणून टर्टल. 1975 साली आलेल्या, 600 मीटर खोल पाण्यात चालणाऱ्या घड्याळाभोवती जाड कवच, ते टूना माशाच्या डब्यासारखं दिसतं, म्हणून टूना. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा आणि जिलब्या मारुती जिथे सुखानं नांदतात, तिथल्या माणसाला याचं काय नवल!

मी अडलो पेप्सीपाशी. पेप्सी निघाल्या दोन. दोन्हींचं बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, लाल-निळं. रोलेक्सची वैमानिकांसाठीची, तिच्या कड्यावर 24 तास, दुसऱ्या देशातली वेळ बघायला. सेइकोच्या एसकेएक्स009 वर 60 मिनिटं, पाण्यात शिरून किती वेळ झाला ते बघायला. कामं वेगळी, नाव एकच! उलट रोलेक्सच्याच सबमरिनर या पाणबुड्यांच्या घड्याळाचं बेझल हिरवं तर केर्मिट (टीव्हीवरचा हिरवा बेडूक) आणि 2010 साली तबकडीही हिरवी केली तर हल्क. पाण्यात दोघंही 300 मीटरच.

खरी हुशारी आहे ती बिननावाची. पाणबुड्याच्या घड्याळाचं बेझल फक्त काट्यांच्या उलट दिशेनं फिरतं. चुकून धक्का लागलाच तर झालेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेल्या या युक्तीला एखादं लाडाचं नाव मिळायला काय हरकत होती? पण लोक रंग बघतात.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारांना मी विचारलं, "नक्की पाण्यात चालेल ना?"

"200 मीटर लिहिलंय. खडकवासल्याचा तळ गाठा." मग चष्म्यावरून बघत, "ही चावी आट्यांची आहे. दाबून, फिरवून घट्ट बसवायची. सैल ठेवलीत तर तुमचे 200 मीटर बादलीतच संपतील."

मॉन्स्टर घेतलं. कड्याला खोल खाचा, तासांच्या खुणा दातांसारख्या. शर्टाची डावी बाही त्यावरून उतरत नाही. उतरवली तर कड उसवते. कुकरची वाफ जिरायला दहा मिनिटं लावायची असली की आतून हाक येते, "अहो, ती किसणी द्या जरा इकडे."