माझंपण तेवढं करून टाक ना

भूमकर चौकात बस अडकली आहे म्हणून हे लिहितेय. आज डोकं फिरलंय.

आमच्याकडे दरवर्षी 'एथिक्स अँड कम्प्लायन्स'चं ऑनलाइन ट्रेनिंग असतं. आज शेवटची तारीख होती. पाऊण तासाचं प्रकरण. एक बाई बोलत राहतात आणि त्यांचं वाक्य संपेपर्यंत 'नेक्स्ट'चं बटण राखाडीच. मग प्रश्न. व्हेंडरने रोहनला दिवाळीला चांदीचं नाणं पाठवलं, तर रोहनने काय करावं? चारातला सगळ्यात लांबलचक पर्याय निवडायचा, तोच बरोबर असतो. मी माझं दुपारी डबा खाता खाता उरकलं, आवाज बंद ठेवून. तुम्हीही असंच करता, उगाच नाकं मुरडू नका.

साडेचारला साहेबांचा मेसेज आला. "अगं, माझंपण तेवढं करून टाक ना. क्लायंट कॉलमध्ये आहे." खाली पासवर्ड. दोन मिनिटांनी ओटीपी.

सचोटीचा धडा, तोही दुसऱ्याकडून गिरवून घ्यायचा! आणि हाच माणूस मागच्या टाउनहॉलमध्ये 'इंटिग्रिटी'वर दहा मिनिटं बोलला होता. टाळ्याही घेतल्या होत्या.

तेव्हापासून मला आमचे स्टोअर्समधले काका आठवताहेत.

2004 सालची गोष्ट. डिप्लोमा झाला आणि मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. स्टोअर्सला एक काका होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माल आला की त्यांचं एकच वाक्य, "काट्याची पावती दाखवा, मग सही." एकदा संध्याकाळी सळ्यांचा टेंपो आला. चलनावर 2,320 किलो, काट्याच्या पावतीवर 2,140. काकांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं. ड्रायव्हर आधी हसला, मग चिडला, मग त्याने ऑफिसात फोन लावला. काका सहाच्या ठोक्याला सायकल काढून घरी गेले.

त्या माणसाने कुठलं ट्रेनिंग केलं होतं? कुठल्या स्लाइडवर त्यांना सांगितलं होतं की 180 किलो कमी असेल तर सही करायची नसते?

मला ह्याचाच राग येतो. नाणं परत करायचं असतं हे कुणाला माहीत नाही? माझ्या सातवीतल्या भाचीलाही माहीत आहे. परत केल्यावर तुझं काय होणार, हे कुणी सांगत नाही. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी हॉटलाइनचा नंबर असतो, "निर्भयपणे बोला". सत्येंद्र दुबे बोलले होते. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव फुटलं आणि नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांना गोळी घातली. लांब कशाला, माहिती अधिकारातून जमीन घोटाळे बाहेर काढणाऱ्या आपल्या तळेगावच्या सतीश शेट्टींना जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं. 2014 मध्ये अशा लोकांना संरक्षण देणारा कायदा झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अंमलात काही आला नाही.

बरं, पॉशच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या ट्रेनिंगला मी नावं ठेवणार नाही. राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवींनी 1992 मध्ये जो सामूहिक बलात्कार सोसला, त्यातून 1997 ची सुप्रीम कोर्टाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 2013 चा कायदा आला. आमच्या टीममधल्या नव्या पोरीला तक्रारीसाठी तीन महिन्यांची मुदत असते, हे त्या स्लाइडमुळेच कळलं. तेवढं मान्य. (आता लिफ्टजवळच्या बोर्डावर समितीतल्या ज्या मॅडमचा नंबर आहे, त्यांनी दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडली. ते जाऊ दे.)

बस हलली. दहा फूट. पुन्हा थांबली.

काकांचं पुढे काय झालं, ते सांगते. महिन्याभरात त्यांना स्क्रॅप यार्डात टाकलं. पत्र्याची शेड, पंखा नाही. रिटायर होईपर्यंत तिथेच. त्यांनी तक्रार केल्याचं मी कधी ऐकलं नाही. येता-जाता हाक मारायचे, "काय पोरी, जेवलीस का?"

आणि त्या टेंपोचं काय झालं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काका गेल्यावर सात वाजता पर्चेसचे साहेब खाली आले. फार गोड बोलले. "टेंपो अडकलाय बघ. तू सही कर, ट्रेनीची चालते." मी केली. माझी सही तेव्हा नवीकोरी होती, वहीच्या मागच्या पानावर गिरवून गिरवून बसवलेली, शेवटी एक वळसा आणि खाली दोन टिंबं. दुसऱ्या दिवशी काकांनी रजिस्टर उघडलं. त्या सहीवर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं. मग पान उलटलं आणि आपला अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

साहेबांवर इतका वेळ तोंडसुख घेतलं, पण आज साडेचारला मी काय केलं? ओटीपी टाकला. त्यांचे वीस प्रश्न सोडवले, शंभर टक्के पाडले. शेवटच्या पानावर चौकट येते, "हे प्रशिक्षण मी स्वतः पूर्ण केले असल्याचे प्रामाणिकपणे जाहीर करतो." तिथे टिक केलं. तेव्हा एकवीस वर्षांची होते, घाबरले होते, हप्त्यावर घेतलेली लुना होती. आज कशाला घाबरले? अप्रेझल एप्रिलमध्ये आहे, हे खरं. पण हात थांबलासुद्धा नाही हो. सवयीने झालं.

साहेबांचा लगेच रिप्लाय आला, "शंभर? भारी! थँक्स यार." सोबत हात जोडलेले.

बसमध्ये बसल्या बसल्या ट्रेनिंग टीमला मेल लिहिला आहे. साहेबांचं मी केलंय, त्यांचं आणि माझं दोन्ही रद्द करा, मी आवाज लावून पुन्हा करते. इथे एवढं लांबण लावलं, तो मेल तीन ओळींचा आहे. वाकडचा पूल आला, मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.