पैसा कुणाचा, आणि किती दिवसांचा?

दादा,

गावातल्या पोरापोरींना शाश्वत शेती शिकवणाऱ्या आणि कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या वर्गांचं मी मागच्या लेखात कौतुक केलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "फवारणीची औषधं विकणाऱ्यांनी विषमुक्त शेती शिकवायची म्हणजे दारूच्या दुकानदारानं व्यसनमुक्ती केंद्र काढायचं. तुम्ही त्यांचा पगार खाल्लाय, टाळी वाजवणारच. साहेबांची पोरं अमेरिकेत आणि आमच्या पोरांनी गांडूळखत करत बसायचं." तुम्ही यवतमाळचे आहात आणि २०१७ मध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन तुमच्या गावातला माणूस गेला, हेही शेवटी लिहिलंत. त्यामुळे "मताबद्दल आभार" म्हणून सुटणं मला जमेना.

आधी पगाराचं. हो, खाल्ला. जालना जिल्ह्यात एका कंपनीच्या पैशावर चाललेल्या वर्गात तीन वर्षं शिकवायला होतो. लेखात ते सांगितलं नाही, ही माझी चूक. आता लेखाच्या सुरुवातीलाच घातलंय.

दारूच्या दुकानाचं उदाहरण चपखल आहे, आणि गंमत म्हणजे तुमची शंका कायदा करणाऱ्यांनाही आली होती. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ ला. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असलं तरी कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चायचे. यालाच सीएसआर म्हणतात. म्हणजे हा दानधर्म नव्हे. साहेब फीत कापताना कर्णाचा अवतार असल्यासारखे बोलतात, ते सोडून द्या. २०२१ च्या जानेवारीत नियम बदलले, तेव्हा आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व यात धरता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. नेहमीच्या धंद्यातलं कामही धरता येत नाही. तेव्हा वर्गाच्या भिंतीवर औषधाच्या डब्याचं पोस्टर दिसलं, तर "हे सीएसआरमध्ये कसं?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचाराच.

पण आमची कंपनी औषधांची नव्हती, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी होती. पोरांना काय शिकवायचं यात तिनं कधी नाक खुपसलं नाही. शेण-गोमूत्राचं जीवामृत, झाडपाल्याचा दशपर्णी अर्क, वासानं किडींना ओढणारे कामगंध सापळे, माती परीक्षण, सगळं आम्ही आमच्या मनानं शिकवलं. तरी घात झालाच. तो कॅलेंडरनं केला.

कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. आमचं मृगापासून. मंजुरी यायची ऑगस्टमध्ये आणि पहिला हप्ता दसऱ्याच्या पुढेमागे, तोवर सोयाबीन खळ्यावर. मग जानेवारीत फोन सुरू व्हायचे, "मार्चअखेर खर्च दाखवा." एका मार्चमध्ये आम्ही ठिबकचा संच घेतला. विहिरीनं तळ गाठलेला आणि आम्ही नळ्या मोजून घेतोय! त्याच्या पेटीवर कंपनीच्या नावाचा फलक मात्र पहिल्याच दिवशी लागला. रासायनिक शेतीतून सेंद्रिय प्रमाणपत्रापर्यंत जायला हंगामी पिकांना दोन वर्षं लागतात, फळबागेला तीन. आमचा करार दरवर्षी नव्यानं व्हायचा. कायद्याची आडकाठी म्हणावी तर तीही नव्हती. चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम नेता येतं. तिसऱ्या वर्षी कंपनीतले साहेब बदलले, नव्या साहेबांना शाळांत टॅब वाटायचे होते, आणि आम्ही घरी आलो.

अजून एक सांगतो, कारण ते कळायला मला फार उशीर झाला. शिकवणाऱ्याचा पगार वाढवा म्हटलं की उत्तर यायचं, "प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे." दोन वर्षं मी हे खरं मानलं. पुढे नियम वाचला, तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, प्रकल्पात शिकवणाऱ्या माणसाला नाही. पण मास्तरावर फलक लावता येत नाही ना.

म्हणून मला पुणे जिल्ह्यातलं पाबळ आठवतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले, अमेरिकेत डॉक्टरेट केलेले. तेही साहेबच. १९८३ साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. पोरांनी हातानं काम करत शिकायचं, आणि ते काम गावाच्या खरोखर उपयोगाचं असायचं. २००३ मध्ये कलबाग गेले, आश्रम चालू आहे. त्याच शिरूर तालुक्यात आज रांजणगावची एमआयडीसी आहे. कंपन्यांनी आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. मग जिथे कारखाने, तिथे हा पैसा. जिथे कारखानाच नाही त्या तालुक्यातल्या पोरांनी कुणाच्या आसपास राहायला जायचं? मला विचाराल तर दारूच्या दुकानापेक्षा मोठी तक्रार ही आहे.

आता गांडूळखताचं. इथे मात्र तुमच्याशी भांडणार आहे. पोरांना शेती शिकवली म्हणजे शेतीत कोंडलं, असं होत नाही. आमच्या पहिल्या तुकडीतला एक मुलगा पंप आणि ठिबक दुरुस्त करायला शिकला. आज तालुक्याला त्याचं दुकान आहे. सीताफळाची कलमं बांधण्यात सगळ्यांत सरस हात होता एका मुलीचा. ती लग्न होऊन गेली ते ऊसपट्ट्यात, पण दारातल्या सीताफळावर कलम बांधून फोटो पाठवते.

कोंडमारा होतो तो निराळ्या जागी. जे शेतीत राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव सातबारावर नाही. जमीन आजोबांच्या नावावर, निर्णय बापाचा. ठिबकच्या अनुदानाला नावावर जमीन लागते, पीककर्जालाही लागते. बावीस वर्षांच्या पोराला सगळं येतं आणि अर्ज भरता येत नाही. एकाला बापानं प्रयोगासाठी अर्धा एकर दिला, तो बांधाकडचा, गोटाळ, जिथे कुळीथही धड येत नाही. "तुझी पुस्तकातली शेती तिथे कर." मुलानं दोन वर्षं तिथे शेणखत ओढलं. वर्गात आम्ही बापांना एकदाही बोलावलं नव्हतं. प्रकल्पाच्या कागदावर "लाभार्थी युवक" एवढंच होतं, बाप त्या व्याख्येत बसत नव्हते. ही चूक कंपनीची नाही, आमची. मीही तो कागद भरताना एकदा तोंड उघडलं नाही.

शेवटचं. "शंभरावर युवक स्वावलंबी झाले" या वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत. ते मी कंपनीच्या अहवालातून जसंच्या तसं उचललं होतं. परवा जुनी हजेरीवही काढून जमेल तेवढ्यांना फोन केले. २६ जण सापडले, त्यांतले ११ शेतीत आहेत. लेखात आता तेवढंच ठेवलंय. बाकीच्यांचे नंबर बदललेत, शोधतोय.