पांडवलेणी 'एका रात्रीत'? भिंतींवरचा हिशोब वेगळं सांगतो

पावसाळा लागला, पोरं नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढू लागली, की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरतो: 'वनवासात पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली. हा त्यांचा वाडा. ते गेल्यावर ओसाड पडला, तो थेट इंग्रज येईपर्यंत.' यातली एकही गोष्ट खरी नाही.

आधी ती 'एक रात्र'. 19 क्रमांकाच्या लेण्यात लिहिलंय की सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नाशिकच्या महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, हे 'लेण' करवलं. हा काळ इसवी सनापूर्वीचा. 3 क्रमांकाचं लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दिलं ते तिचा नातू पुळुमावी राजाच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. आणि 20 क्रमांकाचं? बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेलं काम बरीच वर्षं अर्धवट पडून होतं. ते सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या कारकिर्दीच्या 7व्या वर्षी महासेनापतीची पत्नी वासू हिने पुरं केलं. रखडलेल्या कामाची ही नोंद तिथे दगडातच आहे.

आता वाडा. 10 क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवरचा लेख पाहा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे 240 झाले. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 बौद्ध भिक्षूंना चीवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 द्यायचे, म्हणजे पुन्हा 240. कार्षापणाचा फरक नाही! वाड्यात असा हिशोब कशाला लागेल? हा विहार होता, भिक्षूंच्या मुक्कामाची जागा. उषवदाताची बायको दखमित्रा हिने दिलेल्या खोलीला लेखात 'ओवरक' म्हटलंय. आपली 'ओवरी' त्याच शब्दातून आली. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

ओसाड पडल्याचं म्हणाल, तर 20 क्रमांकाचं लेणं पुढे मागच्या बाजूने वाढवून बौद्धांच्या महायान पंथाच्या काळात तिथे बुद्धमूर्ती कोरली गेली. 11 क्रमांकाच्या लेण्यात ऋषभनाथ आणि अंबिका आहेत. म्हणजे नंतर जैन उपासकही आले. 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या स्तूपाला कुणीतरी छिन्नी लावून भैरव केला. भिक्षू गेले, तरी माणसं येत राहिली.

पांडवांचं नाव याच नंतरच्या लोकांनी दिलेलं. जुन्या लेखांत डोंगर 'तिरण्हु' आहे, त्रिरश्मी. पांडव कुठेही नाहीत.